तीन लिटरचा देश

नौपाड्यातून आता डोंगर दिसत नाही. पूर्वी गच्चीवर पापड वाळत घालताना एका अंगाला येऊरची रांग आणि दुसऱ्या अंगाला खाडीपलीकडचा पारसिक दिसायचा. आता गच्चीवरून समोरच्या टॉवरच्या बाल्कन्या दिसतात आणि त्या बाल्कन्यांतून आमचे पापड. आमचीही इमारत पुनर्विकासाच्या रांगेत उभी आहे. बिल्डरनं वाटलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकात तीन गोष्टी ठळक अक्षरांत आहेत : सह्याद्रीचं विहंगम दर्शन, पोडियमवर बाग आणि चोवीस तास पाणी. बाग होईल, असं मला वाटतं.

सह्याद्रीच्या दर्शनासाठी पझेशनपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. मार्चमधल्या एका मंगळवारी माहुलीला जाऊन यायचं ठरवलं. सकाळी निघायचं, संध्याकाळी चहाला घरी. एकटीनं.

एकटीनं डोंगरावर जायला परवानगी लागत नाही, खुलासा लागतो. जाऊबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "बरोबर कोण आहे?" कुणी नाही म्हटल्यावर त्या जरा थांबल्या आणि मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?" समोरच्या काकूंनी विचारलं नाही, पण आमच्या ह्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून प्रश्न तोच होता. पन्नाशी उलटलेली, बँकेतून निवृत्त झालेली बाई भांडणाखेरीज एकटी डोंगरात का जाईल? मुलानं लोकेशन चालू ठेवायला सांगितलं. हे म्हणाले, "जेवणाचं मी बघतो. पण माहुलीच का? येऊर काय वाईट आहे?" येऊर वाईट नाही. पण येऊरला माणूस फिरायला जातो, आणि मला कुठेतरी जायचं होतं.

तशी आमच्या पट्ट्यात डोंगर चढणाऱ्यांची वाण नाही. ठाणे, मुलुंड, डोंबिवली इथे घरटी एकतरी माणूस कधी ना कधी पाठीला सॅक लावून गेलेला असतो. मुलुंडच्या चक्रम हायकर्सचं सह्यांकन करून आलेली माणसं आमच्या बँकेतही होती. डिसेंबरातली रजा ती जूनमध्येच टाकून ठेवायची. मीही ग्रुपबरोबर गेले आहे. पहाटे तीन हात नाक्यावर बस, बसमध्ये उपमा, पायथ्याला गोल करून ओळखपरेड, लीडरची शिट्टी, सर्वांत मागे राहिलेल्या बाईला धीर देण्यासाठी नेमलेला एक अतिशय सभ्य मुलगा. ती मागे राहिलेली बाई बहुधा मीच असते. त्या मुलाची मला दया येते. त्याला पुढे जाऊन मित्रांबरोबर दंगा करायचा असतो आणि तो माझ्याबरोबर रोपांची नावं काढत चाललेला असतो. एकटं जाण्यातलं पहिलं सुख हे, की आपल्यामुळे कुणी खोळंबलेलं नसतं. दुसरं म्हणजे कुणाच्या सॅकला ब्लूटूथ स्पीकर टांगलेला नसतो. शिवाय मंगळवारी शनिवार-रविवारची गर्दीही नसते.

पहाटेच्या कसारा लोकलला ठाण्यात गर्दी नसते, असं ज्याला वाटतं तो लेडीज डब्यात चढलेला नाही. उलट्या दिशेनं जाणाऱ्या या गाड्या शाळेतल्या बाईंच्या गाड्या आहेत. डोंबिवली-कल्याणला चढणाऱ्या, वासिंद, आसनगाव, खर्डीला उतरून पुढे जीप नाहीतर एसटी पकडून पाड्यांवरच्या शाळांत पोचणाऱ्या. समोरच्या बाईंनी पर्समधून गवारीची पिशवी काढली आणि टिटवाळ्यापर्यंत अख्खी गवार मोडून संपवली, शिरा एका कागदात, शेंगा डब्यात. खडवलीला त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. "माहुली का?" मी मान हलवली. "टोपी आणली आहे ना? आमच्या मुलांची शाळा सकाळची झाली आता, उन्हामुळे." मी एकटी आहे हे त्यांना दिसत होतं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. रोज एकटीनं जंगलातल्या शाळेत जाणाऱ्या बाईला त्यात विचारण्यासारखं काय वाटणार?

देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत आली, हे ठाणेकर कुणालाही न विचारता सांगतो. ही लाइन पुढे सरकत सरकत कसाऱ्याला पोचायला १८६१ उजाडलं, हे मात्र तो सांगत नाही, कारण त्यात ठाण्याचा काही भाग नाही. वासिंद सोडलं की डाव्या हाताला माहुली उभी राहते. तिचं डोकं सपाट नाही. एका टोकाला सुळक्यांची रांग आहे, लोकांनी त्यांची नावं नवरा, नवरी, भटजी अशी ठेवली आहेत. नाशिककडे जाताना आम्ही मुलांना खिडकीतून दाखवायचो, ते बघ लग्न लागतंय. वजीर नावाचा एक सुळका आणखी आहे, तो चढायला प्रस्तरारोहणवाले वांद्रे गावातून जातात. हे वांद्रे शहापूर तालुक्यातलं, बँड्रा नव्हे.

माझी भाची झुरिकला असते. मागच्या उन्हाळ्यात ती एका रविवारी लिश्टनश्टाइनमध्ये एकटी डोंगर चढून आली आणि फोटो पाठवून तिनं खाली लिहिलं, मावशी, एका दिवसात देश बघून झाला. खरंच तेवढाच आहे तो देश. १६० चौरस किलोमीटर, म्हणजे ठाणे महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडासाच मोठा, आणि माणसं चाळीस हजारांच्या आसपास. ठाण्यात २०११च्या जनगणनेलाच अठरा लाखांवर गेलो होतो आम्ही. फोटोंत हिरव्या उतारावर गाई, प्रत्येक वळणावर पिवळा फलक, त्यावर पुढच्या ठिकाणाला किती तास किती मिनिटं लागतील ते लिहिलेलं, आणि लाकडी पन्हाळीतून अखंड पडणारं थंड पाणी. तिनं म्हणे दिवसभरात एकच बाटली नेली होती, पुन्हा पुन्हा भरून घेतली.

मी तिला कळवलं, की मीही एका देशात जाणार आहे. तुझ्या देशाहून पुष्कळ लहान. तिला थट्टा वाटली.

थट्टा अर्धीच होती. अहमदनगरची निजामशाही १४९० साली सुरू झाली. भरात होती तेव्हा कोकणापासून वऱ्हाडापर्यंत पसरली होती. मग मोगलांनी ती कापत आणली. १६०० साली नगरचा किल्ला गेला. मलिक अंबरनं पुढचं पाव शतक ती केवळ स्वतःच्या हुशारीवर जिवंत ठेवली. १६३३ला दौलताबाद पडलं, सुलतान ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. राज्य बुडालं असं सगळ्यांनी धरलं, पण शहाजीराजांनी धरलं नाही. त्यांनी निजामशाही घराण्यातला मुर्तजा नावाचा एक लहान मुलगा शोधला, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं राज्य चालवायला घेतलं. शाहजहान स्वतः दक्षिणेत उतरला. मे १६३६मध्ये आदिलशहानं मोगलांशी तह केला, म्हणजे शहाजीराजांना आता कुणीही वाली उरला नाही. मागे सरत सरत ते माहुलीवर आले. खाली मोगलांचा खानजमान आणि आदिलशहाचा रणदुल्लाखान, असा दोन्ही फौजांचा वेढा. त्या काही महिन्यांत दीडशे वर्षांची निजामशाही जवळजवळ एका डोंगरावर मावली होती. राजा होता, वजीर होता, फौज होती. देश म्हणायला आणखी काय लागतं?

हे सगळं मला ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलेल्या पुस्तकांनी सांगितलेलं. पण त्या देशात लागणारं मुख्य सामान कोणतं, ते मला माहुलीच्या चढावर कळलं.

आसनगावला उतरून हायवे ओलांडला आणि रिक्षा मिळाली. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि सकाळी साडेसहाला माहुली गावाकडे जाणारी मी एकटीच. रिक्षावाल्यानं सरळ हिशेब मांडला, चार सीटचे द्या नाहीतर बसून राहा. एकटं असण्याची किंमत इतक्या रोख स्वरूपात मी प्रथमच मोजली. पाठीवर एक-एक लिटरच्या तीन बाटल्या होत्या. एक चढायला, एक उतरायला, एक राखीव.

गावात शंकराचं देऊळ आहे, पुढे वनखात्याची चौकी. हा तानसा अभयारण्याचा भाग. रजिस्टरमध्ये नाव, गाव, फोन लिहायचा आणि 'एकूण व्यक्ती' या रकान्यात आकडा. मी एक लिहिला. रक्षकानं पुस्तक आपल्याकडे फिरवलं, वाचलं, मग रस्त्याकडे पाहिलं, मागून कुणी येतंय का ते. "बाकीचे मागून येतायत?" नाही म्हटल्यावर त्यानं शिडीच्या वरच्या झाडीत मधमाश्यांची पोळी आहेत, अत्तर लावलं असेल तर जाऊ नका, एवढंच सांगितलं. कामाचं सांगणारा माणूस मला आवडतो.

पायवाट लागली तेव्हा मोहाचा वास आला. गोड, थोडा आंबट, पिकून जास्त झालेल्या फळासारखा. मार्चअखेर मोह गळतो. रात्री फुलं पडतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून झाडाखाली पहाटेपासून बायका. एका झाडाखाली आजी आणि दोन नाती होत्या. मोहाचं फूल फुलासारखं दिसत नाही. पिवळट पांढरा, मणी म्हणावा तर मऊ, हातात घेतला तर जड लागतो आणि बोटं चिकट होतात. झाडाखालची जमीन काळी होती. पाचोळ्यात फूल सापडत नाही म्हणून आधी पाचोळा जाळून घेतात. याच आगी कधी कधी हाताबाहेर जाऊन डोंगर पेटवतात आणि मग वर्तमानपत्रात 'वणवा' म्हणून बातमी येते. पण त्या टोपलीकडे पाहिल्यावर निसर्गप्रेमी लेख लिहिण्याची माझी इच्छा जरा मंदावली. आजींनी विचारलं, "एकलीच का गं बाय?" मी हो म्हटलं. "आमी पन," त्या म्हणाल्या आणि नातींकडे हात केला. त्यांच्या हिशेबात त्या दोघी धरल्या नव्हत्या.

याच जंगलाची एक गोष्ट पक्षी पाहणारे फार प्रेमानं सांगतात. रानपिंगळा नावाचं एक लहानसं घुबड १८८४नंतर कुणाला दिसलंच नव्हतं. नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. ते १९९७ साली नंदुरबारकडे पुन्हा सापडलं आणि २०१४मध्ये चक्क इथे तानसाच्या अभयारण्यात, मुंबईपासून दोन-अडीच तासांवर. मला दिसलं नाही. मला सुतार दिसला, हळद्या दिसला आणि एक भारद्वाज, जो आमच्या नौपाड्यातही दिसतो.

चढ सुरुवातीला झाडीतून आहे. साग पानं गाळून उभा, ऐनाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखी खवलं. पळस मात्र भरात होता. माहुलीचे तीन भाग आहेत, उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेला भंडारगड. पळसगडाचं नाव मार्चमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. झाडी संपली की सोंड लागते, आणि मग ऊन. वाट चुकण्यासारखी नाही, पण दगडगोटे पायाखालून सरकतात. मी दहा पावलं चालून एक घोट आणि वीस श्वास, असा दर ठरवला. ग्रुपमध्ये हा दर मंजूर झाला नसता.

पहिली बाटली दुसऱ्या टप्प्यावरच संपली. घड्याळात साडेनऊ. माझ्या अंदाजात ती शिडीपर्यंत पुरायला हवी होती, पण मार्चचं ऊन अंदाज विचारून चढत नाही. राखीव बाटली काढून सॅकच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली आणि तेव्हापासून डोक्यात हिशेब सुरू झाला. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या डोक्यात तो आपोआप सुरू होतो.

माझं वजन पंचावन्न किलो, पाठीवर फार ओझं नाही, हातात तलवार नाही. मला चढण्या-उतरण्याच्या दिवशी तीन लिटर लागतात. वेढ्यातल्या शिपायाला तटावर उन्हात उभं राहून, पिण्याला आणि भातभाकरीला धरून चार लिटर धरू. वर पाचशे माणसं असतील असं समजू, तो आकडा माझा. रोजचं दोन हजार लिटर. महिन्याचं साठ हजार. आंघोळ नाही, घोडी नाहीत, कपडे धुणं नाही. साठ हजार लिटर म्हणजे आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात येतात ते दहा हजारांचे टँकर, सहा. सहा टँकर पाण्यावर एक महिना देश टिकतो. पाऊस संपल्यावर आठ महिने धरायचा असेल तर जवळजवळ पन्नास टँकर पाणी त्या कातळात आधी साठलेलं हवं.

शेवटी लोखंडी शिडी आहे. ती चढताना खाली बघायचं नसतं, आणि मी बघितलं नाही. वर तटाचा थोडा भाग, आणि थोड्या अंतरावर पाण्याचं टाकं.

मी आधी ते टाकं पाहायला गेले, दरवाजा नंतर. किल्ल्यांवर हिंडणारे लोक बुरूज, दरवाजे, शिलालेख पाहतात. गो. नी. दांडेकरांसारखे दगडादगडाशी बोलतात. टाक्याशी कुणी फार वेळ बसत नाही, कारण त्यात पाहण्यासारखं काही नसतं, एक चौकोनी खड्डा आणि हिरवं पाणी. पण हा खड्डा कसा झाला ते पाहिलं तर सगळा किल्ला त्यात आहे. इथला कातळ काळा बसाल्ट. तट बांधायला दगड हवा, तो खालून वर आणणार कोण? म्हणून वरचाच कातळ फोडायचा. दगड निघाला तो तटाला, उरला खड्डा तो पाण्याला. सह्याद्रीतल्या कितीतरी गडांची हीच रीत. एकाच घावात दोन कामं. टाक्याच्या भिंतीवर छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. त्यांवरून बोट फिरवलं तर त्या सगळ्या एका बाजूला कलल्या आहेत, म्हणजे खोदणारा उजव्या हाताचा असावा. कोपऱ्यात उतरायला अरुंद पायऱ्या. तळाशी शेवाळी पाणी, त्यावर एक चतुर पुन्हा पुन्हा शेपूट टेकवून जात होता. मी काठी सोडून पाहिली, पाऊण काठी बुडाली. बाजूचं दुसरं टाकं कोरडं होतं आणि त्यात चिप्सची पाकिटं होती. त्याबद्दल लिहून काही होत नाही. मी चार पाकिटं पिशवीत भरली, बाकीची भरली नाहीत.

माहुली १६३६ साली पाण्यावाचून पडली असं कुणी लिहिलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. बाहेरून कुमक येणार नाही हे ठरल्यावर किल्ला पाण्यानं भरलेला असला तरी लढवता येत नाही. पण त्या महिन्यांत शहाजीराजांना रोज कुणीतरी येऊन टाक्यांची पातळी सांगत असणारच. मसलती, पत्रं, तहाच्या अटी, हे सगळं आपण पुस्तकात वाचतो. पातळी मोजणाऱ्याचं नाव कुठे नसतं.

महादरवाजा पडका आहे. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या शाबूत, त्यांत सावली होती. मी तिथे डबा उघडला. थालीपीठ, दही, मिरचीचा ठेचा. आणि बसल्या बसल्या मुलांचा विचार आला. या वेढ्यात जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजेही माहुलीवर होते, असं परंपरा सांगते. ते खरं असेल तर या डोंगरावर तेव्हा दोन लहान मुलं होती. एक राजा होता आणि एक सरदाराचा मुलगा. ती एकमेकांशी खेळली असतील का? राजाशी खेळायला परवानगी असते का? १६३६ सरता सरता किल्ला दिला गेला. राजाला मोगलांच्या हवाली केलं, तो ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला आणि इतिहासातून नाहीसा झाला. शहाजीराजे आदिलशाहीत रुजू झाले. सरदाराचा मुलगा पुण्याला गेला, पुढचं सर्वांना माहीत आहे. मला दुसऱ्या मुलाचं पुढचं माहीत करून घ्यायचं आहे, पण त्याच्यावर कुणी पुस्तक लिहिलेलं मला मिळालं नाही. कैदेत गेलेल्या पोराला माहुली आठवत असेल का, तिथली टाकी, वारा? तिथे तो निदान राजा होता.

पुढेही या गडावर बरंच रक्त सांडलं. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी दिलेल्या किल्ल्यांत माहुली होती. १६७०च्या फेब्रुवारीत मराठे रात्री दोर-शिड्या लावून चढले, पण किल्लेदार मनोहरदास गौड जागा होता. मराठ्यांची शेकडो माणसं कापली गेली. मनोहरदासानं मात्र तो विजय जास्त मनावर घेतला नाही. पुन्हा येतील हे ओळखून त्यानं किल्लेदारी सोडली. अलावर्दी बेग आला आणि १६ जून १६७०ला मोरोपंतांनी माहुली घेतली. मनोहरदासाबद्दल मला आदर वाटतो. जिंकल्यानंतर निघून जायचं कळणं सोपं नाही. आमच्या बँकेतही फार थोड्यांना ते जमलं.

भंडारगडाकडे जायला मध्ये खिंड आहे, ती उतरून पुन्हा चढावी लागते. तिकडच्या टोकावरून ते नवरानवरीचे सुळके जवळून दिसतात आणि कल्याण दरवाजाही तिकडेच. मी गेले नाही. दोन बाटल्यांपैकी एक अर्धी झाली होती आणि खिंडीत पाय मुरगळला तर माझ्या हाका ऐकायला फक्त माकडं होती. ग्रुपमध्ये असते तर गेले असते. एकटीनं जाण्यात एवढा तोटा आहेच, की आपलं शहाणपण आपल्यालाच वापरावं लागतं.

त्याऐवजी कड्याच्या जवळ एका उंबराखाली बसले. एका अंगाला तानसा तलाव पसरलेला दिसत होता. निळा नाही, पत्र्यासारखा. इंग्रजांनी तो १८९२ साली मुंबईसाठी बांधला. मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडे-पलीकडे जे लठ्ठ काळे पाइप लहानपणापासून पाहत आलो, ज्यांच्यावरून पोरं चालत जायची, ते याच पाण्याचे. दुसऱ्या अंगाला शहापूरच्या मागे, उन्हाच्या धुरात न दिसणारा भातसा. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत खाली पिसेला येतं. ठाणे महापालिका तिथून ते उचलते, टेमघरला शुद्ध करते आणि ते नौपाड्यात आमच्या नळाला येतं. म्हणजे सकाळी बाटल्या भरताना मी ज्या पाण्याला ठाण्याचं म्हणत होते ते इथून खाली गेलं आणि माझ्या पाठीवर बसून पुन्हा वर आलं. तीन लिटर, फुकट प्रवास.

आणि याच शहापूर तालुक्यात दर फाल्गुन-चैत्रात टँकर सुरू होतात. तानसा, भातसा, मोडकसागर, वैतरणा, सगळी मोठी धरणं याच आसपासच्या डोंगरांत. धरणाच्या भिंतीखालच्या पाड्यावरची बाई मात्र हंडा घेऊन टँकरमागे. ठाण्यातली वर्तमानपत्रं हे दर वर्षी छापतात आणि आम्ही दर वर्षी वाचतो. कातळातला पाऊस कातळातच थांबला तर तो गडाचा. धरणात अडला तर तो शहराचा. पाड्यावरून तो नुसता वाहून जातो. शहाजीराजांच्या देशाला निदान स्वतःचं पाणी स्वतः पिता येत होतं.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. गुडघा वरच्या दिशेला कुरकुरतो, खालच्या दिशेला बोंबलतो. तिसरी बाटली सोंडेच्या खाली संपली आणि पुढची वाट नुसत्या लिंबाच्या गोळीवर काढली. गावात आले तेव्हा अडीच वाजले होते. देवळाच्या अलीकडच्या घरातल्या बाईनं माझ्या तोंडाकडे बघून न विचारताच तांब्या पुढे केला. माठातलं पाणी, गार, थोडं मातीच्या वासाचं. मी दोन तांबे प्यायले आणि तिसरा नको म्हणाले, कारण ओट्यावर चार हंडे ओळीनं ठेवलेले दिसले आणि त्यांतले तीन रिकामे होते.

"लांबून आणता?"

"बोअर हाय. हापशी. एप्रिलला बसतं. मंग टँकर." मग तिनं विचारलं, "ठाण्याला पानी कवा येतं तुमच्यात?"

"सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तासभर."

"नळाला?"

"नळाला."

"घरात?"

मी हो म्हटलं. तिनं मान हलवली. त्यात हेवा नव्हता, माहिती घेतल्याची नोंद होती. मी पर्स काढायला लागले तर तिनं हात असा केला की मी ती परत ठेवली. मुलीसाठी सॅकमधला खजूर दिला, तो घेतला. मुलीनं बी तोंडातच फिरवत विचारलं, "तुमी एकट्याच गेल्ता? भ्या नाय वाटलं?" थोडंसं वाटलं, असं मी सांगितलं. "मी जाते बकऱ्या घेऊन शिडीपत्तुर," ती म्हणाली. ती आठ-नऊ वर्षांची असेल.

परतीची रिक्षा देवळापाशी उभी होती, ड्रायव्हर आत आडवा. या वेळी शेअर मिळेल असं दिसत होतं. मोह वेचून आलेल्या दोघी आणि शहापूरच्या बाजाराला निघालेला एक म्हातारा आधीच बसले होते, मी चौथी. पिशव्यांतून मोहाचा वास येत होता. रिक्षा सुरू झाल्यावर त्यानं आरशातून विचारलं, "वर गेल्ता का मावशी? टाक्यात पाणी हाय का अजून?"

"एका टाक्यात आहे."

"किती?"

मी काठी दाखवली, अंगठा जिथपर्यंत बुडाली होती तिथे ठेवून.

"मंग एप्रिल निघंल," तो म्हणाला. "रविवारी पोरं येत्यात मुक्कामाला, इचारतात. सांगाय बरं पडतं." म्हाताऱ्यानं काठीकडे वळून पाहिलं आणि गेल्या वर्षी या दिवसांत नुसता चिखल होता असं सांगितलं. त्या दोघींपैकी एकीला ते पटलं नाही. चिखल दोन वर्षांपूर्वी, गेल्या साली पाऊस बरा होता. हायवे येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. स्टेशनला उतरल्यावर ड्रायव्हरकडे सुटे नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. म्हाताऱ्यानं मोडून दिले.